ठिबक केलं, शेततळं केलं, तरी विहीर महाशिवरात्रीलाच तळाला. पाणी जातंय कुठं?

टेलवाला (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, आज घरातल्या भांडणापायी लिहायला बसलोय.

आमचं गाव येवल्याच्या बाजूला, कालव्याच्या अगदी शेपटाला. मी नाशिकला नोकरीला, शेती थोरला भाऊ बघतो. सहा एकर रान. विहीर आहे, तीन बोअर आहेत. त्यातला एक ४५० फुटांचा, पहिले दोन हंगाम पाणी दिलं, आता नुसती हवा फेकतो. २०१७ साली 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून तीस बाय तीस बाय तीन मीटरचं तळं केलं. अनुदानाचे पन्नास हजार खोदाईतच संपले, कागद (तळ्याचं प्लॅस्टिकचं अस्तर) पदरचा टाकला. पुढच्या वर्षी कांद्याला ठिबक केलं. थोडक्यात, शहाणी माणसं सांगतात तसं सगळं केलं.

ठिबकच्या आधी विहीर मार्चअखेरपर्यंत रोज तास-दीड तास चालायची. यंदा महाशिवरात्रीलाच मोटर उघडी पडली. भाऊ म्हणतो दुसरं तळं घेऊ, याच्या दुप्पट, कर्ज काढू. वडील म्हणतात, "एक भरायला विहीर पुरंना, दुसरं काय घामानं भरशील?" दोघं चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीयेत. जेवायला बसले की आईमार्फत निरोप.

मागच्या आवर्तनाला (कालव्याच्या पाण्याच्या पाळीला) मी गावी होतो. रात्री दोनला भावाबरोबर चारीवर (कालव्याच्या फाट्यावर) गेलो. कोरड्या चारीत पाणी येतं तेव्हा आधी खळखळ ऐकू येते, मग बॅटरीच्या उजेडात फेसाचं तोंड दिसतं. ते पुढं पाचट, थर्माकोलच्या प्लेटा, एखादी चप्पल असं सगळं ढकलत येतं. आमच्या मोरीच्या अलीकडं चाळीस पावलांवर ते तोंड थबकलं. आम्ही बघत उभे, आणि पाणी जागच्या जागी मुरून गेलं. वरच्या अंगाला कुणीतरी डोंगळे टाकले होते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कालव्यात पाइपाचं एक टोक बुडवून पाणी बाहेर ओढून घेतात, ते डोंगळे.) भाऊ काही बोलला नाही, बिडी पेटवली आणि घरी चल म्हणाला.

आमच्या शिवारात आता अकरा तळी आहेत. मग पाणी वाढायला हवं होतं ना? दुसरं तळं करावं की नको, एवढंच विचारतोय. आणि जमलं तर हे वाचवलेलं पाणी नेमकं जातं कुठं तेही सांगा.

डॉगरिज (सोमवार, सकाळी ७.१५)

बिनधास्त करा भो. शेततळं म्हणजे बँकेतली ठेव. आमच्याकडं दिंडोरीला तळ्याशिवाय द्राक्षबागेला कुणी हातच घालत नाही. एप्रिलात खरड छाटणी, नेमक्या तेव्हाच विहिरी तळाला. नव्या फुटीला पाणी तुटलं की काडी नीट तयार होत नाही आणि पुढच्या सालचा माल घरबसल्या जातो. वडिलांच्या काळची स्वमुळावरची बाग पाण्याच्या ताणानं आणि क्षारानं गेली, म्हणून डॉगरिज खुंटावर कलमं बांधली. आयडी त्यावरूनच.

दोन गोष्टी सांगतो. कागद ५०० मायक्रॉनच घ्या, हलका टाकाल तर तीन वर्षांत उन्हानं तडकतो. आणि भराव रोलरनं दाबून घ्या, नाहीतर घुशी पोखरतात. एका रात्रीत तळं रिकामं झालेलं या डोळ्यांनी बघितलंय.

आकडेमोड (सोमवार, सकाळी ९.५०)

टेलवाला, ढोबळ हिशेब मांडतो, चुकला तर सांगा.

तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. आपल्याकडं उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ मिलिमीटर तरी उडतं, मे महिन्यात त्याहून जास्तच. ९०० चौरस मीटरवर ८ मिलिमीटर म्हणजे ७,२०० लिटर. रोज. शंभर दिवसांचे ७ लाख २० हजार लिटर. बाजूंचा उतार धरून तळ्यात मावतं २० ते २२ लाख. म्हणजे तिसरा हिस्सा सूर्याला.

आता कांदा. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. उन्हाळ कांद्याला पाटानं ६०० मिलिमीटर धरलं तर एकरी २४ लाख लिटर होतात. ठिबकनं तिसरा हिस्सा वाचला असं समजू, म्हणजे १६ लाख. तुम्ही ठिबकच्या आधी किती एकर कांदा लावत होतात आणि आता किती लावता?

टेलवाला (सोमवार, दुपारी १.३०)

आधी दोन एकर. आता चार.

आकडेमोड (सोमवार, दुपारी १.३८)

मग पूर्वी ४८ लाख लिटर लागायचं, आता ६४ लाख. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाफ्यात आहे.

सिन्नरी (सोमवार, दुपारी १.५५)

अर्रर्र. बोल्ड.

डॉगरिज (सोमवार, दुपारी २.२०)

आकडेमोड भाऊ, हिशेब कागदावर छान दिसतो, पण पाणी जसं उतरतं तसा पृष्ठभागही आक्रसतो, आणि एप्रिल लागेपर्यंत तळं निम्मंशिम्मं वापरून झालेलं असतं. ७ लाख उडणार नाही.

आणि चार एकर लावला तर लावला. दोन एकरात पोरांच्या फिया निघत नाहीत. ठिबकवाल्यानं वाचलेलं पाणी काय जमिनीत परत ओतायचं? कुणी ओततं का?

आकडेमोड (सोमवार, दुपारी २.४५)

आक्रसण्याचा मुद्दा मान्य. ५ लाख धरू. तरी चौथा हिस्सा.

दुसऱ्या मुद्द्यावर मला काही बोलता येत नाही, कारण तुमचं बरोबर आहे. एकट्यानं वाचवलं तर ते शेजारच्या मोटरीत जातं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

नाशिकरोडकर (सोमवार, संध्याकाळी ६.१०)

शहरातला माणूस म्हणून एक भाबडा प्रश्न. प्यायला पाणी कमी पडतंय आणि आपण द्राक्षं पिकवून युरोपला पाठवतो. म्हणजे पाणीच पाठवतो की. त्यापेक्षा ज्वारी-बाजरी का लावत नाहीत? पाणीही कमी लागेल आणि लोकांना खायलाही मिळेल.

चांदवडची (सोमवार, रात्री ९.२०)

नाशिकरोडकर दादा, तुमच्याकडं महिन्याला किती किलो बाजरी लागते? खरंच विचारते, टोमणा नाही. आमच्याकडं बाजरी होतेच, घरी खायला. बाजारात नेली की भाड्याचे पैसे सुटतात, बाकी वरवरचं. हमीभाव जाहीर होतो, त्या भावानं घेणारा वजनकाटा आमच्या मार्केटात मी काही बघितला नाही.

शेततळ्यावर मला वेगळंच बोलायचंय. आमच्या वस्तीवर मागच्या एप्रिलात टँकर सुरू होता. टँकर उभा राहतो त्या वडापासून शंभर पावलांवर एकाचं तळं, काठोकाठ, निळंशार. आम्ही बाया हंडे घेऊन रांगेत आणि समोर ते तळं. मालक वाईट नाही हो, चांगला माणूस आहे, लग्नाकार्याला पाणी देतो. पण ते पाणी पावसाळ्यात जिथून उपसलं तिथूनच आमच्या आडाला झरा होता, हे त्याला सांगायचं कुणी?

आणखी एक. ज्यांची तळी आहेत त्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा, एखादी जुनी ट्यूब बांधून ठेवा. कागद ओला झाला की पोहणाऱ्यालासुद्धा वर येता येत नाही. आमच्या भागात लेकरं गेलीत अशी. कुंपणावर भागत नाही, शेरडं आत गेली की लेकरू मागं जातंच.

टेलवाला (सोमवार, रात्री ९.४१)

ताई, दोर उद्याच सोडायला सांगतो भावाला. आमच्याकडं कुंपण आहे, दोर नाही.

दलघफू (मंगळवार, सकाळी ६.३०)

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे थोडे लांबेल. सोसून घ्या.

नाशिकरोडकरांचा प्रश्न भाबडा नाही, पण त्याला लांबून यावे लागते. देशात १९५०-५१ साली धान्य साधारण ५ कोटी टन पिकत होते. २०२२-२३ साली ते ३३ कोटी टनांच्या जवळ पोहोचले. या काळात जमीन किती वाढली? १९७० च्या सुमारास निव्वळ पेरणीचे क्षेत्र १४ कोटी हेक्टरला टेकले आणि आजही तिथेच घुटमळते आहे. रान वाढवून अन्न वाढवण्याची वाट तेव्हाच संपली. पुढचे सगळे अन्न त्याच रानातून निघाले. त्याला सुधारित बियाणे लागले, खत लागले, पण ती दोन्ही कोरड्यावर चालत नाहीत. जगभरचा हिशेबही असाच आहे. पिकाखालच्या जमिनीपैकी पाचवा हिस्सा ओलिताचा आणि जवळपास ४० टक्के अन्न त्या पाचव्या हिश्श्यातून. माणूस नदी-जमिनीतून जे गोडे पाणी उचलतो त्यातले ७० टक्के शेतीलाच जाते.

हे पाणी आले कुठून? लोकांना वाटते धरणांतून. आपल्या देशात ओलिताचा साठ टक्क्यांहून जास्त भार विहिरी आणि बोअर वाहतात. धरण डोळ्यांना दिसते, त्याची टक्केवारी रोज पेपरात येते. विहिरींची बेरीज कुणी छापत नाही.

मागणीचा चेहराही बदलला. पोट भरायला लागणारे धान्य एका मर्यादेनंतर फार वाढत नाही. वाढते ते दूध, अंडी, कोंबडी, फळे, भाजी. येवला-लासलगाव पट्ट्यात मक्याची एवढी आवक का होते? तो मका माणूस कमी खातो, कोंबड्या जास्त खातात. तुमच्या ताटातल्या अंड्याचे पाणी टेलवाल्यांच्या शिवारातले आहे. द्राक्षावर राग काढणे सोपे आहे, कारण ते जहाजातून जाते. अंडे दिसत नाही.

आता जिल्ह्याबद्दल. गिरणेवरचे चणकापूर १९११ चे, दारणा १९१६ चे, नांदूर मध्यमेश्वरचा बंधाराही त्याच काळातला. दुष्काळात लोक मरू नयेत, बाजरी-गव्हाला दोन पाळ्या मिळाव्यात, ही मूळ कल्पना. पण आठमाही पिकांची पाणीपट्टी एवढी तुटपुंजी की कालवा स्वतःचा खर्च काढेना. मग बारमाही पिकाला, म्हणजे उसाला, ठरावीक तुकड्यांत पाणी द्यायची ब्लॉक पद्धत आली. ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. त्यांची नोकरीही १८८४ साली नाशिकलाच सुरू झाली होती. नांदूर मध्यमेश्वरचे कालवे पाणी घेऊन कोपरगाव-राहात्याकडे गेले आणि तिथे ऊस उभा राहिला. दुष्काळनिवारणाचे पाणी साखरेला कसे लागले याची ही थोडक्यात कहाणी.

पुढे गंगापूर, करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, मुकणे झाली. गंगापूरची क्षमता ५,६३० दलघफू (दशलक्ष घनफूट), म्हणजे साडेपाच टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडी जास्त. त्यावर नाशिक शहर, कारखाने, डावा कालवा, आणि खाली जायकवाडी. जायकवाडीचा उपयुक्त साठाच ७६ टीएमसीच्या वर. १५ ऑक्टोबरला तिथे ६५ टक्के साठा नसेल तर वरच्यांनी पाणी सोडायचे, असे सूत्र २०१४ साली ठरले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता तो त्यामुळेच. असे पाणी सुटते तेव्हा नदीकाठच्या मोटरींची वीज तोडावी लागते, नाहीतर ते पोहोचणारच नाही. म्हणजे नाशिक स्वतःच मराठवाड्याच्या दृष्टीने 'हेड' (कालव्याचे वरचे तोंड) आहे. टेलवाल्यांचा भाऊ जसा वरच्या डोंगळ्यांना शिव्या घालतो, तसा पैठणचा माणूस आपल्याला घालतो.

टेलवाला (मंगळवार, सकाळी ८.०५)

काका, शेवटचं वाक्य भावाला वाचून दाखवलं फोनवर. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं आम्ही डोंगळे टाकत नाही, टाकायला आमच्याकडं पाणीच पोचत नाही."

नाशिकरोडकर (मंगळवार, सकाळी १०.१५)

दलघफू साहेब, धन्यवाद, अंड्याचा विचार कधी केला नव्हता. बाजरी: महिन्याला दोन किलो, तीही थंडीत. पकडलात, चांदवडकर ताई.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ११.४०)

शहराबद्दल बोलणं निघालंच आहे तर आमचंही ऐका. शहर गंगापूर, मुकणे, दारणेतून चांगलं पाणी घेतं आणि वापरलेलं गोदावरीत सोडतं. आम्ही निफाडचे लोक तेच उचलतो. पाणवेलींनी नदी झाकून जाते, पावसाळ्यात सायखेड्याच्या पुलाला येऊन त्या अशा तटतात की पात्र आहे की कुरण तेच कळत नाही. खालचं नांदूर मध्यमेश्वर २०२० साली रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलं, राज्यातलं पहिलं. पक्षी बघायला तिथं गाड्या भरून माणसं येतात. आली पाहिजेत. पाच मैल वरती पाण्याचा वास घेऊन गेली तर आणखी बरं.

अवांतर: सतत पाटाचं पाणी मिळालेल्या आमच्या काही रानांना मीठ फुटलंय. ढेकूळ फोडलं की पांढरं. जास्त पाण्यानंही जमीन जाते, हे टेलच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही.

मोसमकाठ (मंगळवार, रात्री १०.३०)

बागलाणातून. आमच्याकडची जुनी रीत सांगतो, टेलवाल्यांच्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे असं मला वाटतं.

मोसम, आरम, गिरणा आणि तिकडं धुळ्याकडं पांझरा, या नद्यांवर फड पद्धती होती. तीन-चारशे वर्षं जुनी. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या रानाचे तीन-चार भाग, त्यातला एकेक भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात बाजरी किंवा हरभरा, आणि पुढच्या साली फेरपालट. माझ्या आजोबांचं रान एका जागी नव्हतंच, प्रत्येक फडात एकेक पट्टा. लहानपणी मला वाटायचं, काय ही कटकट, चार ठिकाणी बैल न्यायचे.

त्यातली मेख मोठेपणी कळली. पाऊस कमी झाला, बंधाऱ्यात पाणी थोडं दिसलं की गाव बसून ठरवायचं: यंदा अमुक फड कोरडा. त्या फडात सगळ्यांचेच पट्टे. मोठ्याचाही, लहान्याचाही. वरचा-खालचा भेद नाही, कारण प्रत्येक जण थोडा वरचा आणि थोडा खालचा. पाणी द्यायला पाटकरी असायचा. मालकानं आपल्या वाफ्याला स्वतः हात लावायचा नाही, पाटकरीच दार फोडणार आणि तोच बांधणार. त्याची मजुरी धान्यात. रात्री राखणीला जागल्या. आमच्या आजीच्या तोंडी एक बोलणं होतं, "पाटकरी म्हातारा झाला तरी त्याला सासरा समजायचं", म्हणजे त्याच्यापुढं आवाज चढवायचा नाही.

हे मोडलं कशानं? लोक म्हणतात वर धरणं झाली, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, मग नदी बारमाही वाहायची थांबली. खरंच आहे. विजेच्या मोटरी आल्या, ज्यानं त्यानं आपल्या पट्ट्यात विहीर पाडली, हेही खरं. पण माझ्या मते खरा घाव डाळिंबानं घातला. बाजरीचा फड एक साल कोरडा ठेवता येतो. डाळिंबाची बाग एक साल कोरडी ठेवली तर ती मेली, आणि लाखो रुपये मेले. द्राक्षाचं तेच. एकदा बारमाही झाड लावलं की गावाच्या बैठकीत "यंदा नको" म्हणायची सोयच उरत नाही. आधी पाणी बघून पीक ठरायचं, आता झाड उभं आहे म्हणून पाणी शोधायचं. तळं काय, साडेचारशे फूट बोअर काय, त्या झाडाच्या भीतीनं होतंय सगळं.

(आमच्या डाळिंबाला पुढं तेल्या रोगानं खाल्लं, ती वेगळी रड.)

डॉगरिज (मंगळवार, रात्री ११.०५)

हे मात्र लागलं भाऊ. छाटणीच्या आधी मला झोप येत नाही ती त्याचमुळं. बाग आहे म्हणून भीती आहे. पण काढून काय लावू, ते कुणी सांगत नाही.

ओझरकर (बुधवार, सकाळी ८.४५)

मोसमकाठ, सुरेख लिहिलंत. फड गेला तरी त्यातलं काही आमच्याकडं वाघाडवर नव्यानं उगवलं. ओझरला १९९०-९१ च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढं अख्ख्या प्रकल्पाचं पाणी संस्थांच्या हाती आलं. २००५ साली राज्यानं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधी हे सुरू होतं.

मुख्य बदल दोनच. पाणी एकरावर न देता मोजून द्यायचं: संस्थेच्या तोंडाशी इतके घनमीटर घेतले, तितके पैसे. मग आत कुणी काय पिकवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण उडवलं तर स्वतःच्याच कोट्यातलं उडतं. आणि पाळी शेपटाकडून सुरू करायची. टेलचं भिजल्याशिवाय हेडचं दार उघडत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दोन-तीन पाळ्यांना हेडचे लोक काठ्या घेऊन आले होते असं जुनी माणसं सांगतात. मग त्यांच्या लक्षात आलं की टेलला पाणी पोचवताना चारी भरून वाहते आणि त्यांच्या विहिरी आपोआप पाझरून भरतात.

सगळीकडं असं झालं असं नाही हां. कितीतरी पाणीवापर संस्था नुसत्या कागदावर आहेत, शिक्का कुणाच्या तरी कपाटात.

दलघफू (बुधवार, सकाळी ९.३०)

ओझरकर, पाझराचा मुद्दा काढलात ते बरे झाले. आम्ही इंजिनियर लोक कालव्याच्या गळतीला 'वहनव्यय' म्हणतो आणि ती थांबवायला काँक्रीटचे अस्तर, आता बंद पाइप. पाणी वाचते, खोटे नाही. पण ती गळती म्हणजे कालव्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरींचे उत्पन्न होते. पाइप टाकले की शेपटाला पाणी पोहोचते आणि मधल्या विहिरी आटतात. एकाचे वाया जाणारे पाणी दुसऱ्याचा झरा असतो. हे नोकरीत असताना मला समजत होते, पण अंदाजपत्रकात त्याला रकाना नव्हता.

आणि टेलवाले, तुमच्या ४५० फुटांबद्दल. आपल्या भागात काळा पाषाण. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि मांजऱ्या (सच्छिद्र) खडकात, फार तर साठ-सत्तर फुटांपर्यंत. त्याखाली पाषाणाला भेग सापडली तर पाणी, नाहीतर धूळ. ती भेग एकदा उपसली की लवकर भरत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहीर 'खोल' धरली आहे. म्हणजे सुमारे दोनशे फूट. तुम्ही त्याच्या दुपटीहून खाली आहात.

सिन्नरी (बुधवार, दुपारी १२.१०)

आमच्याकडं देवनदीवरचे ब्रिटिश काळातले वळणबंधारे आणि पाट गाळ काढून पुन्हा वाहते केलेत. मोटर नाही, वीज नाही, उतारानं पाणी जातं. बघून या एकदा. पाऊस नसला की तेही कोरडे, पण तो दोष पाटाचा नाही.

नाशिकरोडकर (बुधवार, दुपारी ३.००)

पश्चिमेकडं इगतपुरी-सुरगाण्याला एवढा पाऊस पडतो, सगळा समुद्रात जातो. तो का वळवत नाहीत?

दलघफू (बुधवार, संध्याकाळी ५.२०)

वळवतात. मांजरपाड्याचे पाणी बोगद्यातून पुणेगाव धरणात आणले आहे, ते पुढे दरसवाडीमार्गे येवल्याकडे जावे म्हणून. नार-पार-गिरणा प्रकल्प आहे, त्यात पाणी उचलून घाट चढवायचे आहे. उचललेल्या पाण्याला वीज लागते आणि विजेचे बिल दर महिन्याला येते, एकदाच नाही. यावे, जरूर यावे. पण आलेल्या पाण्याचे पुन्हा चार एकर होणार असतील तर दहा वर्षांनी हाच धागा पुन्हा वर येईल.

चांदवडची (बुधवार, रात्री ९.०५)

टेलवाले भाऊ, एक करून बघा. शिवारातल्या सगळ्या विहिरींची पाण्याची पातळी आठवड्याला एकदा मोजा. सुतळीला फुटाफुटावर गाठ मारायची, खाली दगड बांधायचा. ओली किती, कोरडी किती, लिहून ठेवायचं. आमच्या बचत गटानं दोन सालं केलं. भांडणं कमी झाली नाहीत, पण "माझ्या विहिरीला काही फरक पडला नाही" असं खोटं बोलणं बंद झालं.

टेलवाला (अठरा दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ७.२५)

उशिरा लिहितोय, माफी असावी. पाडव्याला गावी गेलो होतो.

आकडेमोड यांचा हिशेब वहीच्या पानावर लिहून नेला. भावानं तो दोनदा वाचला, मग म्हणाला, "म्हणजे मीच चोर?" मी म्हटलं चोर कुणीच नाही, आपण अकरा जण आहोत. त्यावर वडील पहिल्यांदा हसले. बोलणं सुरू झालंय दोघांचं, निरोप्याच्या कामातून आई सुटली.

चांदवडच्या ताईंची सुतळी केली. वडिलांनी स्वतः गाठी मारल्या, फुटाला एक, दहाव्या गाठीला लाल चिंधी. अकरा तळेवाल्यांकडं गेलो. सातांनी विहीर मोजू दिली. दोघं म्हणाले नंतर बघू. एकानं विचारलं, "हे तलाठ्याला द्यायचंय का?" आणि अकराव्यानं, ज्याच्याकडं सगळ्यात मोठं तळं आहे, त्यानं चहा पाजला, पाऊण तास द्राक्षाचे भाव सांगितले आणि विहिरीचा विषय निघाला की फोन उचलला. पण त्याच्या शेजारच्या विहिरीत आमची सुतळी चौतीस गाठी कोरडी गेली. आमच्या विहिरीत एकोणतीस. मधे फक्त एक बांध आहे.

दुसरं तळं यंदा नाही. भावानं ते सोडलंय असं नाही, कागदाचा भाव त्यानं पिंपळगावला विचारून ठेवलाय, खिशात चिठ्ठी आहे, मी बघितली. पुढच्या रब्बीला कांदा तीन एकर करायचा, चौथ्यात हरभरा, इथवर आलाय. वडिलांचं म्हणणं अडीच. पावणेतीनवर मिटेल. अकराजणांनी मिळून एक फड कोरडा ठेवायचा, हे मोसमकाठ भाऊंचं मी पारावर सांगून बघितलं. म्हातारी माणसं ऐकत होती, तरणी मोबाइल बघत होती, पण उठून कुणी गेलं नाही.

तळ्यात चारी बाजूंनी दोर सोडलेत. ट्यूब ट्रॅक्टरची आहे, पुतण्या तिच्यावर बसून फोटो काढायला निघाला होता, आईनं कान पिरगाळला.

शेवटचं आवर्तन सुटलंय. आज रात्री चारीला येईल म्हणतात, आणि यावेळी आम्ही सहा जण वरपासून खालपर्यंत चारीनं चालत येणार आहोत, कुणाशी भांडायला नाही, नुसतं चालत. भावाचा आत्ताच फोन आला, बॅटरीचे सेल घेऊन ये म्हणाला. लासलगावला थांबून घेतो आणि निघतो.